‘सहचर’च्या फायलींची विल्हेवाट

भावना मेश्राम यांचं ‘सहचर’ हे विवाह केंद्र नंदनवन वस्तीत, पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत होतं. तिथे फक्त दुसऱ्या लग्नाची माणसं यायची. घटस्फोट झालेली, जोडीदार वारलेली, फसवली गेलेली. पहिल्या भेटीत ही माणसं खुर्चीच्या कडेला बसायची आणि विचारलं तेवढंच सांगायची. दोन-तीनदा येऊन गेली की पाठ टेकवायची आणि मग कोणाला न सांगितलेलं सांगू लागायची. भावना एकटीच काम करायची, मदतनीस कधी ठेवलाच नाही. लग्न जुळून वर्षं लोटली तरी लोक तिला फोन करायचे, बारशाला बोलवायचे, नवऱ्याशी भांडण झालं की आधी तिलाच सांगायचे. या सगळ्यांचे कागद भिंतीला लागून असलेल्या दोन लोखंडी कपाटांत होते.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी तिला फोन आला. अपेक्षा रामटेके नावाच्या मुलीसाठी जितेंद्र नावाच्या मुलाशी बोलणी चालू होती. फोनवर त्याची आई होती.

“मॅडम, पोरगी डोक्याच्या डॉक्टरकडे जात होती हे तुम्ही आमच्यापासून लपवलं.”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“सांगायची काय गरज? आम्ही कागद पाह्यला आहे.”

“कोणता कागद?”

“तो तुमाले माहीत असंल,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

अपेक्षा एका खासगी शाळेत चित्रकला शिकवायची. तिचं पहिलं सासर उमरेडला होतं. तिथे फार हाल झाले, झोप उडाली, तेव्हा काही महिने तिने मनाच्या डॉक्टरांचं औषध घेतलं होतं. आता ती बरी होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स तिने स्वतःच भावनाकडे दिली होती. “योग्य माणूस दिसला की तुम्हीच सांगा ताई, मले सांगताना रडू येते,” असं म्हणाली होती. मुलगा एकदाच भेटला होता. दुसऱ्या भेटीनंतर सांगायचं असं दोघींचं ठरलं होतं.

संध्याकाळी अपेक्षा आली ती उभीच राहिली.

“ताई, ही गोष्ट माझ्याजवळ होती, डॉक्टरजवळ होती आन् तुमच्या कपाटात होती. डॉक्टर तर त्यायले ओळखतही नाहीत.”

“मी कोणाला बोलले नाही गं.”

“मीही नाही बोलली. मग कागद काय चालत गेला त्यांच्या घरी?”

भावनाने कपाट उघडून तिची फाईल काढली. चिठ्ठी जागेवर होती. अपेक्षाने ती पाहिली आणि म्हणाली, “मी दोन दिल्या होत्या. पहिली पुसट आली होती म्हणून मागून दुसरी आणून दिली. पुसट कुठं आहे?”

भावनाला आठवेना. दिवाळीच्या आधी तिने कपाटं आवरली होती. जादा प्रती, जुने फोटो, बंद झालेल्या फायली असा मोठा ढीग निघाला होता. त्यात ती गेली असेल का? फाडून टाकली असेल का? तिला खरंच काही सांगता येत नव्हतं. अपेक्षाने फाईल पिशवीत घातली आणि जिना उतरून गेली.

तो ढीग नेला होता रुपराव भालाधरेने. अनेक वर्षं तोच रद्दी न्यायचा. हातगाडी गिरणीसमोर लावून जिना चढून यायचा, “जयभीम ताई” म्हणायचा, पाणी प्यायचा आणि गठ्ठे बांधायचा. आता भावनाला वेगळंच आठवू लागलं. गठ्ठे बांधताना तो कागद उलटसुलट करून पाहायचा. एकदा एका मुलीच्या फोटोकडे बघून, “चांगली दिसते पोरगी, झालं का हिचं?” असं त्याने विचारलं होतं. तेव्हा ते आपुलकीचं वाटलं होतं.

पुढच्या वेळी त्याची गाडी गल्लीत दिसली तशी ती खाली उतरली. गिरणीत दळणाला आलेली माणसं होती, समोरच्या ओट्यावर बायका बसल्या होत्या. तरी तिला राहवलं नाही.

“रुपरावभाऊ, माझ्याकडचे कागद तुम्ही कोणाला दाखवले?”

“कोणते कागद?”

“दिवाळीत नेलेले. माझ्याकडे येणाऱ्या पोरींची माहिती बाहेर फुटली. तुमच्याशिवाय दुसरं कोणी नेलं नाही. किती मिळाले त्याचे?”

गिरणी चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. रुपराव गाडीचा दांडा धरून तिच्याकडे बघत राहिला.

“रद्दी विकतोच मी ताई. तोच धंदा आहे माझा. तुम्ही काय समजून देत होत्या? वाचत बसत नाही मी, आन् कोणाच्या पोरीचं काही बोललो नाही.”

“मग कोण बोललं?”

“मले काहून विचारता?” तो म्हणाला आणि गाडी ढकलत निघून गेला.

त्यानंतर भावनाला झोप लागेना. पूर्वी दिलेल्या प्रत्येक गठ्ठ्याबद्दल ती विचार करू लागली. कोणाच्या घटस्फोटाचा निकाल, कोणाचा तपासणी अहवाल, कोणाच्या पहिल्या लग्नाचे फोटो, आज कुठे असतील? दुकानात पुडी बांधून मिळाली की ती आधी कागद उलगडून बघायची. कपाटांत अजून कितीतरी जुन्या फायली होत्या. त्या खोलीत ठेवायची भीती वाटत होती आणि बाहेर द्यायचीही.

गुप्त कागद मशीनने कातरून नष्ट करून देणाऱ्या कंपन्या असतात हे तिला एका वकिलाकडून कळलं. त्यातल्या एका कंपनीचं ऑफिस प्रताप नगरमध्ये होतं. काचेचं दार, गार हवा, कॉफी. रोहित नावाचा तरुण तिच्याशी फार गोड बोलला.

“मॅडम, आमचा धंदा कागदाचा नाही, विश्वासाचा आहे. एकदा जोडलेला क्लायंट आम्ही सोडत नाही.”

“मशीन बघायला मिळेल?”

“मशीन एमआयडीसीत आहे. आत कोणालाच सोडत नाही, सुरक्षेसाठी. तुमच्याच भल्याचं आहे ना ते?”

“उचलल्यापासून कातरेपर्यंत कागद कोणाच्या ताब्यात असतात?”

“आमच्याच. पोत्याला सील असते. आणि हे बघा, नष्ट केल्याचं प्रमाणपत्रही देतो.” त्याने नमुना म्हणून एक प्रमाणपत्र पुढे सरकवलं. मग म्हणाला, “पाहिजे तर तुमच्या नावाचं आत्ताच काढून देतो, तुमची पुन्हा चक्कर वाचेल.”

“कागद तर अजून माझ्या कपाटात आहेत.”

“एकच गोष्ट आहे मॅडम,” रोहित हसला.

भावना हसली नाही. परत येऊन तिने ‘सहचर’ची न वाटलेली जुनी पत्रकं, कोरे अर्ज आणि वर्तमानपत्रं एका पोत्यात भरली आणि तेवढंच पोतं कंपनीला दिलं. कोणाच्या नावाचा एकही कागद त्यात नव्हता. कंपनीचा छोटा टेम्पो येऊन पोतं घेऊन गेला तशी तिने स्कूटर काढली आणि मागे लागली.

एमआयडीसी पश्चिमेला, हिंगण्याच्या बाजूला. टेम्पो मात्र निघाला गांधीबागेच्या बाजारपेठेकडे. वाटेत दोन ठिकाणी थांबून त्याने आणखी पोती भरली. कापडाच्या दुकानांच्या गर्दीत ती एकदा मागे पडली, पण माल उतरवणाऱ्या हातगाड्यांनी रस्ता अडला होता म्हणून टेम्पो पुन्हा सापडला. एका बोळात तो गोदामासमोर लागला.

तिने तोंडाला ओढणी बांधली, आत शिरली आणि पॅकिंगचा कागद पाहिजे म्हणून सांगितलं. गोदामाच्या माणसाने आतल्या ढिगाकडे हात केला. “पांढरा वेगळा आहे, रंगीत वेगळा. पांढरा महाग पडेगा.”

जमिनीवर बसलेल्या बायका पोती फोडून कागद निवडत होत्या. सील कात्रीने कापून बाजूला फेकत होत्या. भावनाने वाकून पाहिलं. कोणाच्या रक्ताच्या तपासण्या, कोणाच्या पगाराच्या स्लिपा, कर्जाच्या अर्जावर चिकटवलेले फोटो. एका निवडणाऱ्या बाईने भावनाच्याच पत्रकांचा गठ्ठा सोडला. वर छापलेलं होतं, ‘तुमची गोष्ट आमच्याजवळ सुरक्षित.’ भावना बाहेर येऊन स्कूटरला धरून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोहितने प्रमाणपत्र मोबाईलवर पाठवलं. आपले सर्व कागद पूर्णपणे नष्ट करण्यात आले आहेत, खाली सही-शिक्का. तिने त्याला फोन केला आणि गोदामाची गल्ली सांगितली. तो ड्रायव्हरची चूक झाली म्हणाला, मग त्याचा फोन लागेनासा झाला. तिने पोलीस ठाण्यात तक्रार दिली. तिथल्या माणसाने ती ठेवून घेतली, पण तुमचे तर कोरेच कागद होते ना, असंही विचारलं.

याच दिवसांत जितेंद्र एकटाच ‘सहचर’मध्ये आला. मान खाली घालून बसला.

“मॅडम, कागदबिगद काही नव्हता. उमरेडले माझी एक मावशी राहते. अपेक्षाच्या जुन्या सासरच्या घराजवळच. तिनं चौकशी केली, तिथून कळलं. मावशीचं नाव येऊ नये म्हणून आई कागद पाह्यला असं बोलून गेली.”

भावनाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. हाही खोटं बोलत नसेल कशावरून? “तू हे इतक्या उशिरा का सांगतोस?”

“आईसमोर बोलायची हिंमत नाही झाली.”

तिने मावशीचा नंबर मागितला आणि त्याच्यासमोरच फोन लावला. मावशीने आढेवेढे घेतले, पण शेवटी कबूल केलं. कोणत्या शेजारणीने काय सांगितलं तेही बोलली. भावनाने फोन खाली ठेवला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. ही चिठ्ठी फुटली नव्हती, म्हणून बाकीचे कागद सुरक्षित होते असं थोडंच? गांधीबागेचं गोदाम तिने डोळ्यांनी पाहिलं होतं.

तिने आपल्या जुन्या लोकांना एकेक करून फोन लावले. काय घडलं ते सरळ सांगितलं आणि विचारलं, तुमचे कागद परत पाहिजेत, की नष्ट करू? काहीजण चिडले. एका बाईने, म्हणजे आजवर तुम्ही आमचे कागद रद्दीत देत होत्या, असं विचारलं आणि ‘हो’ ऐकून फोन ठेवला. ती पुन्हा बोलली नाही. पण बरेचजण म्हणाले, सांगितलंत हे बरं केलं.

मशीनच दारात आणणारी एक गाडी मिळाली. ती चालवणारी दिपाली सोमकुवर तिच्याहून लहान होती. भावनाने तिलाही हजार प्रश्न विचारले. दिपालीने फार काही सांगितलं नाही. गाडीचं मागचं दार उघडलं आणि म्हणाली, “तुम्ही इथंच उभ्या राहा. शेवटचा कागद जाईपर्यंत मी हलत नाही. चुऱ्याच्या पोत्यात हात घालून पाहा.” भावनाने आधी वर्तमानपत्र टाकून पाहिलं. निघाला तो भुस्सा होता, त्यातलं अक्षरही जुळवता येत नव्हतं. तरी तिने गाडीच्या आत चढून, मशीनच्या मागे दुसरा कप्पा नाही ना, ते बघून घेतलं.

ठरल्या रविवारी गाडी गिरणीसमोर लागली. फोन केलेल्यांपैकी मोजकेच लोक आले. गोपिकाबाई नावाच्या एका विधवेने आपल्या वारलेल्या नवऱ्याचा फोटो काढून घेतला आणि बाकीचं स्वतःच्या हाताने मशीनमध्ये सोडलं. भावना फायली खाली आणून देत राहिली आणि प्रत्येक फाईल आत जाईपर्यंत नजर हटवली नाही.

अपेक्षाही आली, पिशवी घेऊन. जितेंद्र तिच्याकडे जाऊन आला होता.

“माफी मागत होता,” ती म्हणाली. “मी नाही म्हणून सांगतलं. आई खोटं बोलत होती तेव्हा हा बाजूलेच बसून होता ना?”

“आणि माझ्यावर अजून राग आहे?”

“आहे थोडा.” तिने चिठ्ठी मशीनच्या तोंडाशी धरली आणि सोडली. “नाव राहू द्या माझं तुमच्याकडे. कागद नको. पुढं जे सांगायचं ते मीच सांगीन, रडू आलं तर येऊ दे.”

एक काम उरलं होतं. दुसऱ्या दिवशी भावना रुपरावच्या घरी गेली. त्याची बायको अंजनाबाई हिने चटई टाकली. रुपराव बाटल्या आणि पुठ्ठे वेगळे करत बसला होता. भावनाने सगळं सांगितलं, गोष्ट त्याच्यामुळे फुटली नव्हती हेही, आणि चुकलं म्हणाली.

रुपरावने पुठ्ठ्याची घडी केली. “चोर म्हटलं ते गल्लीत. माफी घरात येऊन काहून मागता?”

अंजनाबाईने चहा केला, तो भावनाने पिऊन घेतला आणि ती परत आली.

त्या आठवड्यात गिरणीत गर्दी असताना त्याची गाडी गल्लीतून चालली होती. ती जिना उतरून रस्त्यात गेली आणि तिने गाडी थांबवली. गिरणीवाला, दळणाचे डबे घेतलेली माणसं, ओट्यावरच्या बायका सगळे बघू लागले. सगळ्यांना ऐकू जाईल असं ती बोलली. “मी रुपरावभाऊंवर खोटा आळ घेतला होता. यांनी काही केलं नव्हतं. माझीच चूक होती.”

रुपरावने इकडेतिकडे पाहिलं. “ऐकलं,” एवढंच म्हणाला.

पुढच्या महिन्यापासून तो पुन्हा ‘सहचर’ची वर्तमानपत्रं नेऊ लागला. पण जिना तो चढला नाही. खालूनच हाक मारायचा आणि भावना गठ्ठा घेऊन खाली उतरायची.