मानेवरची पिसं

गोवा घटकराज्य झालं त्या वर्षीची गोष्ट. चंद्रावतीचे धाकटे दीर गोकुळदास तेरेखोलहून कारापूरला आले आणि तिच्या कोंबड्याची मानेवरून गळलेली पिसं मागू लागले.

"गळाला बांधतो, वहिनी. मासा त्यांना किडा समजतो."

तिला हसू आलं, पण कुतूहलानं ती त्यांच्यामागून नदीवर गेली. त्यांनी तांबूस पिसं रेशमाच्या दोऱ्यानं गळाभोवती घट्ट बांधली. पाण्याला टेकताच ती अशी थरथरली, की चंद्रावतीला तो उडू बघणारा किडाच वाटला. तेवढ्यात तळातून हातभर मासा उसळला आणि त्यानं तो गिळला.

"भावजी, मीसुद्धा फसले ओ," ती हळूच म्हणाली.

"बांधणारा मी," गोकुळदास म्हणाले, "तरी दरवेळी फसतो."