सहा शांत महिने

आमच्या ल्युपसच्या डॉक्टरीणबाईंची शिस्त अशी की, दर भेटीला गोळ्यांच्या संपलेल्या स्ट्रिप्स घेऊन यायचं. आपलीच प्रतिकारशक्ती अंगावर उलटवणारा हा आजार सलग सहा महिने शांत राहिला, तरच गोठवून ठेवलेला गर्भ पोटात सोडायचा. आज सहा महिने भरत होते.

तीन गर्भ आहेत आमचे, उणे एकशे शहाण्णव अंशांत. तिथे वेळ जातो का थांबतो, हे मला कुणी धड सांगत नाही. लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "स्वेटर घातलाय का त्यांना?" ती झाली तेव्हा मला हा आजार नव्हता.

सिस्टरने स्ट्रिप्सची पिशवी उलटी केली. "ताई, या दोन तर भरलेल्याच आहेत!"

"मलेरियावाली गोळी ना? बंद केली मी. वीस दिवस झाले."

"आणि मला रोज 'घेतली, घेतली' म्हणत होतीस?" नवरा.

"खोक्यातल्या कागदावर गरोदरपणाबद्दल केवढं काय काय लिहिलंय! बाळाला काही झालं असतं तर?"

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "एवढ्या गोळ्यांतून नेमकी तीच सोडलीत? गरोदरपणातही चालू ठेवायची गोळी आहे ती. मलेरियाची असली, तरी तिनेच तुमचा ल्युपस आवरून धरलाय."

"पण मला काहीच होत नाहीये. सांधे ठीक, गालांवर लाली नाही."

"गोळी अंगातून हळूहळू उतरते."

"किती हळू?"

"महिने लागतात."

"म्हणजे अजून थोडी आत असेल?"

"असेल. पण तिच्या भरवशावर मी गर्भ सोडणार नाही. गोळी आजपासून सुरू. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

तीन महिने! नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी गोळी गिळली.

"तोंड उघड," तो म्हणाला. "जीभ वर."

"मी काय लहान आहे?"

"लहान मूल बरं. ते थुंकताना दिसतं तरी."

लघवी तपासायला द्यायची होती. या आजाराची झळ मूत्रपिंडाला लागली की लघवीला फेस येतो, असं मी वाचलं होतं. म्हणून बाटली खिडकीपाशी उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. कडेला चार बुडबुडे. हा फेस म्हणायचा का?

"द्या इकडे," सिस्टर म्हणाली. "बघून कळत असतं, तर एवढं मशीन कशाला घेतलं असतं?"

"मशीनला किती वेळ लागतो?"

"बसा तिथे. सांगते."

मी दारातच उभी राहिले. तिथून मशीन दिसत होतं.