पत्ता चुकलेला आवाज

निलोफरने पुन्हा क्लिक केलं आणि पडद्यावर पुन्हा तेच आलं : फाइल सापडत नाही. शेजारी बसलेल्या सावळाराम सरांनी गळ्याभोवतीचा पंचा उगाच सारखा केला.

"दवाखान्यातनं आल्यापासनं ह्येच चाललंय," सरांच्या पत्नी सगुणाबाई म्हणाल्या. "त्यांनी पाटीवर लिवलेलं मला वाचता येत न्हाई. हात केला तर पानी पायजे का गोळी, त्येबी कळत न्हाई."

घशाच्या ऑपरेशनमध्ये आवाज कायमचा जाणार हे कळल्यावर सर भोरला, निलोफरच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये येऊन बसले होते. रोज लागणारी वाक्यं त्यांनी स्वतःच्या आवाजात भरून ठेवली. निलोफरने ती एका वर्ड फाइलमध्ये ओळीने मांडली; ओळीवर क्लिक केलं, की सरांनी बोलावं. तिच्या मशीनवर सगळं वाजत होतं. सीडीवर घालून दिलं आणि इथे भोंगवलीत, जावयाने दिलेल्या कॉम्प्युटरवर, एकही ओळ बोलेना. म्हणून ती सकाळच्या एसटीने आली होती.

"सर, आवाज सीडीवर आहेत," ती हळूच म्हणाली. "पण प्रत्येक ओळ त्यांना भोरला, माझ्या मशीनच्या डी ड्राइव्हमध्ये शोधतेय. मी तिथला पूर्ण पत्ता देऊन ठेवला होता."

"मग आता गं?" सगुणाबाईंनी विचारलं.

"फाइल आणि आवाज एकाच फोल्डरमध्ये ठेवते, काकू. ओळीला पत्ता नाही, नुसतं आवाजाचं नाव देते. मग ती शेजारीच शोधेल. फोल्डर कुठंही न्या."

सगुणाबाई चुलीकडे गेल्या. निलोफर एकेक ओळ दुरुस्त करत राहिली. शेवटी ती उठली आणि माऊस सरांच्या हातात दिला. सरांनी हात जोडले. तिने घाईने ते खाली केले.

"असं नका करू, सर. वर्गात तोंड उघडत नव्हते मी. तुम्हीच उभं करून बोलायला लावलंत."

सर हसले. 'पाणी दे', 'गोळी दे' या ओळी सोडून त्यांनी माऊस खाली नेला आणि ते अगदी शेवटच्या ओळीवर थांबले. क्लिक केलं.

"सगुणा, तू जेवलीस का?"

भाकरी थापण्याचा आवाज बंद झाला. पिठाचे हात घेऊन सगुणाबाई दारात आल्या.

"हे कदी इचारत नव्हता तुमी."

सर पडद्याकडेच बघत राहिले.

"न्हाई जेवले अजून," त्या म्हणाल्या. "या, संगंच बसू."