कोल्ह्याचं शिंग

सभागृहाचे दोन्ही दरवाजे सताड उघडे होते, तरी आत मुंगी शिरायला जागा नव्हती. माणसं खिडक्यांतही चढून बसली होती. व्यासपीठावर डब्यांचा ढीग रचून शिंगबाबा उभा होता. त्यानं एक डबी उघडली. आत लाल पूड आणि पुडीत पेराएवढी केसाळ गाठ.

"कोल्ह्याचं शिंग!" बाबा गरजला. "लाखात एकाच कोल्ह्याला येतं! कोल्हा मरतो, शिंग मरत नाही. पाहा, केस वाढलेत! विज्ञानाची बॅटरी संपते ना, तिथं माझं शिंग पेटतं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शिंग पेटतं म्हणजे नेमकं काय होतं, हे कुणी विचारलं नाही.

तेवढ्यात मागच्या दारात कुजबूज उठली. "लेंडीबाई आली!"

बाई प्राणिशास्त्रज्ञ होत्या. तीस वर्षं त्या कोल्ह्यांच्या मागावर हिंडल्या. कोल्हे काय खातात हे कळावं म्हणून त्यांच्या लेंड्या चाळल्या, तेव्हापासून गल्लीनं हे नाव चिकटवलं. त्याचं त्यांना हसू यायचं. आज मात्र त्या धुमसत होत्या. त्यांच्या धाकट्या भावानं, छापखानावाल्यानं, बाबाच्या सांगण्यावरून नऊ वर्षांच्या लेकीच्या फिटच्या गोळ्या बंद करून तिच्या उशाखाली असली डबी ठेवली होती. काल पोरगी वर्गात कोसळली. ओठ फाटला.

"मी चारशे बारा कोल्ह्यांच्या कवट्या मोजल्यात," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "एकीवरही शिंग नाही."

"मी लाखात एक म्हणालो, बाई! अजून बऱ्याच मोजायच्या राहिल्यात तुमच्या!"

सभागृह खदखदून हसलं.

"शिंगं चरणाऱ्या जनावरांना येतात. कोल्हा, लांडगा, कुत्रा या अख्ख्या कुळात कुणाला शिंग फुटत नाही. पण बरं, तुमचाच हिशेब धरू. लाखात एक, आणि इथं डब्या शंभर. मग कोटभर कोल्हे मारलेत कुठं?"

आरडाओरडा उठला. "हाकला हिला!" कुणीतरी बाईंना खांद्याला धरून ढकललंसुद्धा. पुढच्या रांगेतून भाऊ धावत आला. मुठीत डबी होती.

"ताई, तमाशा नको. केस माझ्या डोळ्यांदेखत वाढलेत."

"वाढले नाहीत, दिसायला लागले." बाईंनी पिशवीतून काचेची बरणी काढली. "खाटकाकडून आणलेलं हे शेळीचं कातडं. गुरुवारी गुळगुळीत होतं. आज बघ."

कातड्यावर बारीक खुंट उभे होते.

"कशावरून गुळगुळीत होतं?" भाऊ खेकसला.

"माझ्यावरून," त्याच्या मागून बायको म्हणाली. "मीच भादरलं, तुमच्याच वस्तऱ्यानं. ताईंना डबीतली चिमूटभर पूडही मीच नेऊन दिली."

"पुडीत रंग आणि मीठ निघालं," बाई म्हणाल्या. "हे कातडंही मी मिठातच ठेवलं. मीठ पाणी शोषतं, कातडं आक्रसतं आणि आत दडलेला केस उघडा पडतो. संग्रहालयासाठी कातडी सुकवताना शेकडो वेळा पाहिलंय मी हे."

बाईंनी पिशवीतून पातं काढलं, तसा बाबाचा आवाज चिरकला. "शिंग कापलंत तर पोरीच्या जिवावर बेतेल!"

भावाची मूठ आणखी आवळली. बायकोनं त्याचं एकेक बोट उलगडलं आणि डबी बाईंना दिली. "काल बेतलं होतं की! तेव्हा ही डबी उशाखालीच होती."

बाईंनी गाठीवर पातं चालवलं. वरच्या कातड्याची शिवण उसवली. आत डिंकाचा गोळा आणि शेळीच्या खुराचा तुकडा.

"अश्रद्धाच्या हातात शिंग रूप पालटतं!" असं ओरडत बाबा व्यासपीठामागच्या दाराकडे सरकला. काही जण डब्या छातीशी धरून त्याच्या मागेही गेले. भाऊ ताईकडे वळला.

"ताई, गोळ्या आत्ताच सुरू करतो."

"मनानं काही करू नकोस. लेकीला घेऊन डॉक्टरांकडे जा. किती दिवस बंद होत्या ते खरं खरं सांग."

नवराबायको घाईनं बाहेर पडली. खिडकीतून एक म्हातारा चिडून ओरडला, "बाबा खोटा, मग विश्वास ठेवायचा कुणावर? तुमच्यावर?"

"माझ्यावरही नको, आजोबा. कातडं आणा, वस्तरा घ्या, मीठ घ्या आणि घरी स्वतः करून बघा. आणखी कुणी चमत्कार घेऊन आला, तर आधी तो उसवून बघा. पण तो म्हणतो म्हणून पोरांची औषधं तेवढी बंद करू नका."