डाव्या हाताची मूठ

आई सोमवारी गेली. रविवारी पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमासाठी सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या आमच्या गल्लीत मांडव घातला होता. भन्तेजींचं बोलणं संपलं, पंगत बसली, तेव्हा शेवटच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ उठून माझ्यापाशी आले.

"मी गुरुशांत. बाळीवेशीत भुसार दुकान हाय आमचं. भीमाबाई मावशी आमच्या अव्वाचं करायच्या."

मला नाव माहीत होतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसांना आंघोळ घालायची, भरवायचं, हे आईचं काम. शेवटचे आठ महिने ती फक्त यांच्या आईकडे, निंगव्वांकडे जात होती. अर्धांगवायूनं त्यांची डावी बाजू गेली होती, वाचाही गेली होती. दोनचार कानडी शब्द तेवढे उरले होते.

"ही बोलायची वेळ न्हाय ताई, कळतंय मला. पण सोमवारपासनं अव्वा जेवत न्हाय. घोटघोट पाणी घेती, बास. सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणले, उद्या संध्याकाळपर्यंत बघू, न्हायतर नाकातनं नळी घालायला लागंल. मावशी नेमकं काय करायच्या, तेवढं सांगा की."

मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. लोकांनी विचारावं आणि मी शोधून द्यावं, यात माझी तेवीस वर्षं गेली. पण याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. आईला मी तिच्या कामाबद्दल कधी काही विचारलं नव्हतं. रविवारी तरी सुट्टी घे, एवढंच म्हणायचे. त्यावर ती म्हणायची, "भूक काय रविवार बघती व्हय?"

"सकाळी येते," मी म्हणाले.

सोमवारी आठ वाजता गेले. गुरुशांतांच्या पत्नी महेश्वरी दारातच उभ्या होत्या. मागच्या आठवड्यात दोन बायका कामाला येऊन सोडून गेल्या, असं त्यांनी सांगितलं.

"मावशींच्या हाताला गुण होता बघा. त्या दार लावून अव्वाला आंघोळ घालायच्या. तासाभरानं दार उघडलं की अव्वा आपली आ करून तयार! त्याच कण्या, त्येच ताक. मी घेऊन गेले की तोंड मिटून घेती. सून पडले ना मी." त्या हसल्या. डोळे मात्र सुजलेले होते.

निंगव्वा खिडकीशेजारच्या कॉटवर उशांना टेकून बसल्या होत्या. गाल आत गेलेले. माझ्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मी आईसारखी दिसते, असं लोक म्हणतात.

मी कण्यांचा चमचा पुढे केला.

"बेड," त्या म्हणाल्या. नको.

दुसऱ्यांदाही बेड. तिसऱ्यांदा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीवर दोनदा आपटलं.

"आठवडाभर हेच चाललंय," महेश्वरी म्हणाल्या. "डावा हात दुखतोय वाटतं. मलम लावलं, शेकलं. तर आमच्यावरच चिडती."

"आधी आंघोळ घालू या," मी म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

गरम पाण्याची बादली आली. आई लावायची म्हणून मीही दार लावलं. आंघोळ कसली, ओल्या फडक्यानं पुसून काढणं. पाठ, काखा, पाय. माझे हात अवघडत होते. निंगव्वा मधूनच माझं मनगट धरून नीट जागी नेत होत्या, शिकाऊ पोरीला शिकवावं तशा. पातळ बदलताना दोघींचीही दमछाक झाली.

शेवटी राहिली डावी मूठ. ती घट्ट आवळली होती. मूठ उघडली नाही तर आतली कातडी सडते, हे मी कुठेतरी वाचलेलं. कोमट तेल घेतलं आणि अंगठा सोडवायला गेले, तर निंगव्वांनी माझ्या हातावर चापट मारली आणि करंगळी दाखवली. मग करंगळीपासून सुरुवात केली. एकेक बोट उलगडायला दहा मिनिटं गेली.

तळवा उघडला. मधल्या रेषांत राखाडी भुकटी बसली होती. विभूती.

मी मान वर करेपर्यंत निंगव्वांचा उजवा हात गळ्यातल्या चांदीच्या डबीशी पोचला होता. अंगठ्यानं त्यांनी डबी उघडली.

सोलापुरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. लिंगायतांनी डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा करायची, ती झाल्याशिवाय अन्न घ्यायचं नाही, आणि ज्याचं लिंग त्यानंच हाताळायचं. त्यांनी लिंग तळव्यावर ठेवलं. तो हात जड, निर्जीव. एका बाजूला कलंडायला लागला. निंगव्वांनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी माझा पंजा त्यांच्या मनगटाखाली धरला. लिंगाला माझा स्पर्श होऊ दिला नाही. हात स्थिर झाला.

त्यांनी नजरेनं उशी दाखवली. उशीखाली रुमालात विभूतीचा खडा होता. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आवाजाविना.

आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना असते, पूजा नाही. आईनं कुठल्या देवापुढे हात जोडलेले मी पाहिले नाहीत. तिनं आठ महिने रोज, रविवार धरून, हा हात असा खालून धरला होता. विचारलं असतं तर काय म्हणाली असती? "बाईला भूक लागलेली असती. हात धरला. त्यात काय."

माझा दंड भरून आला, तरी मी हलले नाही. आई गेल्यापासून पहिल्यांदाच काय करायचं ते मला कळत होतं.

"ताई, पाणी आणू का आणखी?" म्हणत महेश्वरींनी दार ढकललं. कडी लावायची मी विसरले होते.

त्या थबकल्या. लिंगाकडे पाहिलं, मग खालच्या माझ्या हाताकडे. मी हात काढू शकत नव्हते. तो काढला असता तर लिंग पडलं असतं.

"हे... रोज चालायचं?"

"मला वाटतं, रोज."

त्या स्टुलावर बसल्या. "डावा हात गेला, आता पूजा कुठली, असं आमीच ठरवलं. तिच्यापुढं विषय काढायचा न्हाय, वाईट वाटंल. मी डबीला नमस्कार करून भरवायला बसायची. मूठ दावती ती, आन् मी मलम लावत बसले!" मग माझ्याकडे वळून, "मावशींनी सांगितलं का न्हाय?"

"तुम्ही बंद कराल असं वाटलं असेल."

त्यांनी लगेच 'नाही' म्हटलं नाही, ते मला आवडलं. "मामंजी असते तर केलंच असतं," त्या म्हणाल्या. "आन् मीबी... काय सांगता येत न्हाय."

निंगव्वांनी डोळे उघडून "च्च!" केलं. पूजेत आमची बडबड. दोघीही गप्प झालो.

लिंग पुन्हा डबीत गेलं. महेश्वरींनी कण्या कोमट करून आणल्या. पहिला चमचा निंगव्वांनी घेतला, गिळला आणि तोंड वाकडं केलं.

"उप्पू," त्या म्हणाल्या.

"मीठ मागती!" महेश्वरी ओरडल्या. "अव्वा, डॉक्टरांनी कमी सांगितलंय गं!"

"उप्पू!"

दुकानातून गुरुशांत धावत आले. वाटी अर्धी झालेली त्यांनी पाहिली. स्वयंपाकघरात गेले आणि चिमटीत मीठ घेऊन आले. डॉक्टरांना फोन त्यांनी त्यानंतर केला.

मंगळवारी मी पुन्हा गेले, दाखवायला. महेश्वरी अंगठ्यापासून सुरुवात करायला गेल्या आणि त्यांनाही चापट बसली. बुधवारी त्यांनी करंगळीपासून मूठ उघडली, सासूच्या मनगटाखाली हात धरला, आणि मला म्हणाल्या, "ताई, तुमी बसा, चहा घ्या. जमतंय मला."

मी चहा घेतला. दार या वेळी उघडंच होतं. ग्रंथालय दहाला उघडायचं असतं. नऊ दिवसांची रजा आदल्या दिवशी संपली होती. मी वेळेत पोचले.