टाइमकीपरची शिट्टी

चढाच्या माथ्यावरून शिट्टी वाजली. एक लांब, दोन आखूड. म्हणजे मी पोहोचलो, तू अजून कुठे तडमडली आहेस?

ती पायथ्याच्या चहाच्या टपरीपाशी एक पाय टेकवून उभी होती.

"तुमचे ते का?" टपरीवालीने मान वर करून विचारलं.

"तेच."

"मग बसा की जरा. घामाने निथळताय नुसत्या."

"बसले तर परत वाजवतील."

"वाजवू देत. शिट्टीला गुरं येतात बाई, माणसांनी कशाला धावायचं?"

तिला खुदकन हसू आलं. सहलीच्या सहा दिवसांत ती पहिल्यांदा हसली, आणि तेही नवऱ्यावर.

नवरा कारखान्यात टाइमकीपर होता. पस्तीस वर्षं फाटकाजवळच्या खोलीत बसून कोण किती मिनिटं उशिरा आलं एवढंच त्याने पाहिलं. आत काय बनतं, हे त्याला धड सांगता आलं नसतं. गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि घराच्या दारात खुर्ची टाकून बसला. बायको किती वाजता आली, कुकर किती वेळ चढला, शेजारीण किती मिनिटं बोलली. मग त्याच्या डोक्यात सायकलचं खूळ शिरलं. दोघांना सायकली आल्या, हेल्मेटं आली, त्याच्या गळ्यात शिट्टी आली. समुद्रकाठच्या डोंगरांतून सात दिवसांची सहल ठरली. प्रत्येक चढाचा वेळ लिहिलेला तक्ता त्याने हँडलला अडकवला होता. खाली समुद्र असा पसरलेला, की येणारेजाणारे गाड्या थांबवून बघत राहायचे. हा मनगटावरचं घड्याळ बघायचा.

सामान सगळं तिच्या सायकलवर. "मागच्याला वारा कमी लागतो," हे त्याचं शास्त्र. हलक्या सायकलवरून तो सुसाट पुढे जायचा आणि माथ्यावर पोहोचला की त्याचा सोहळा सुरू व्हायचा. आधी शिट्टी. मग बूट काढायचे, मोजे उन्हात घालायचे, वरची कवळी काढून डबीत ठेवायची, कारण धापा टाकताना ती हलते. मग पाणी, केळं, चष्मा पुसणं. ती धापा टाकत वर येईपर्यंत कवळी तोंडात, बूट पायांत आणि हा सायकलवर. "आलीस? चल, निघू." त्याची विश्रांती झाली म्हणजे दोघांची झाली. सहा दिवस हे असं चाललं होतं. खरं तर तीस वर्षं असंच चाललं होतं, फक्त सायकली नव्हत्या.

ती कवळी तिनेच बनवलेली. दातांच्या लॅबमध्ये ती सव्वीस वर्षं कवळ्या बनवत होती. खिडकीपाशी तिचं टेबल, मेणाचा दिवा, बारीक सुऱ्या. एखाद्या म्हातारीचा जुना फोटो बघून तिचं हसू जसंच्या तसं परत आणायचं, हे तिला जमे. डॉक्टर अवघड केस आली की म्हणत, "बाईंकडे द्या." घरात तिला कुणी काही अवघड दिलं नव्हतं, नुसतं पुष्कळ दिलं होतं.

आणि आता याला ते टेबलही नको होतं. "मी एकटा घरात काय करू? सोड नोकरी. दर महिन्याला अशी सहल काढू." ती "बघू" म्हणाली. तिचं "बघू" म्हणजे हो, असा त्याने तीस वर्षं सोयीचा अर्थ लावलेला. त्याने राजीनामा स्वतःच टाइप केला, 'कौटुंबिक कारणास्तव', पाकिटावर तिकीट चिकटवलं. पुढच्या माथ्यावर दीपगृह होतं आणि तिथे टपालपेटी. तिथे तिने सही करून पाकीट पेटीत टाकायचं, हा तक्त्यातला आजचा शेवटचा कार्यक्रम. पाकीटही अर्थात तिच्याच पिशवीत. स्वतःचा राजीनामा सहा दिवस चढावरून तीच वाहत होती.

शिट्टी पुन्हा वाजली.

ती निघाली. रागाने पाय असे चालायला लागले, की तिचं तिलाच नवल वाटलं. तक्त्यात या चढाला तिच्या नावावर पंचवीस मिनिटं होती. तिने अठरा घेतली. माथ्यावर पोहोचली तर टाइमकीपर कठड्यावर अनवाणी बसलेला, गाल आत गेलेले, तोंडात केळं. तिला बघून तो दचकला, जणू कामगारच भोंग्याआधी फाटकात येऊन उभा राहिला.

"अगं, थांब—"

ती थांबली नाही. ब्रेक सोडून उतारावर निघाली. मागून शिट्टी वाजत राहिली, मग वाऱ्यात विरली. इतके दिवस जड वाटणारं ते सामान आता तिला खाली ओढत नेत होतं, आणि त्या वेगातच पुढचा चढ निम्मा सरला. उरलेला तिने उतरून, सायकल ढकलत पार केला. घाई नव्हती. मागे कुणी दिसत नव्हतं.

दीपगृहाजवळचा कठडा ओला होता. तिने पिशवीतून पाकीट काढलं, कठड्यावर आडवं ठेवलं आणि त्यावर बसली. एक बूट काढला. पाणी प्यायली. समुद्राकडे पाहिलं, चांगलं पोटभर पाहिलं.

तो आला तेव्हा लालबुंद झाला होता. बुटाच्या नाड्या लोंबत होत्या, एक मोजा गायब. सायकलवरून उतरला आणि खिसे चाचपायला लागला. मग त्याने हात तोंडावर धरला.

"कवळी," तो पुटपुटला. "मागे कठड्यावर राहिली. डबी. तू अशी पळालीस म्हणून..."

पस्तीस वर्षं इतरांच्या चुका टिपणाऱ्या माणसाचं तोंड आत गेलेलं, हनुवटी नाकाकडे आलेली. तिला कीव यायला हवी होती. आली, पण पाण्याची बाटली पुढे करण्याइतकीच.

"राहू द्या," ती म्हणाली. "सोमवारी लॅबमध्ये गेले की नवी करून देईन."

त्याने टपालपेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिच्याखालून पाकिटाचा तिकीट लावलेला कोपरा डोकावत होता, भिजून फुगलेला. बोलायचं तर त्याला तोंडावरचा हात काढावा लागला असता.

शेवटी हाताआडूनच त्याने विचारलं, "निघायचं?"

"माझं अजून व्हायचंय," ती म्हणाली, आणि वाकून दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागली.