पाच हजार पत्रकं

छापखानेवाल्यांनी मत देणं सोडलं त्याला नऊ वर्षं झाली होती, आणि का सोडलं ते कोणालाही रंगवून सांगत. आज मात्र समोर स्वतःची लेक होती. पोरगी पहिल्यांदाच मत द्यायला निघालेली, आणि बाबा बरोबर हवेत म्हणून सकाळपासून त्यांच्या खनपटीला बसली होती.

"अगं, लोक वाचतात कुठे?" ते खुर्चीत ऐसपैस बसत म्हणाले. "त्या साली दोन्ही उमेदवारांची, बाईंची आणि दाढीवाल्यांची, पत्रकं आपल्याकडेच होती. घाईगडबडीत बाईंच्या फोटोखाली माझ्याकडून दाढीवाल्यांचा मजकूर गेला. बाई बाजार शहराबाहेर हलवणार होत्या, आणि पत्रकात काय, तर बाजार आहे तिथेच राहील! प्रूफ दाखवलं तर बाईंनी डोळे झाकून सही ठोकली. पाच हजार पत्रकं घरोघर गेली. कोणाच्या बापाला पत्ता नाही! वर बाई निवडून आल्या. तेव्हापासून कानाला खडा."

एरवी इथे लोक पोट धरून हसत. लेक हसली नाही. गोष्ट संपली की हिचे प्रश्न सुरू, ही तिची लहानपणापासूनची खोड.

"पाच हजारांत एकानंही वाचलं नाही?"

छापखानेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. चांगला स्वच्छ होता तो.

"एकीनं वाचलं. बाजारातली अंडीवाली. पत्रक घेऊन आली, म्हणाली, भाऊ, बाई सभेत वेगळंच बोलतात, मग खरं काय? तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं काय घोळ झालाय ते."

"मग?"

"पाचावर धारण बसली माझी. बोभाटा झाला असता तर छापखान्याला कुलूप लागलं असतं. म्हटलं, छापलंय म्हणजे खरंच असणार. ती बिचारी निर्धास्त होऊन गेली. बाईंना मत देऊन आली."

बाजार हलला. अंडीवाली आता शहराबाहेर, पुलाखाली बसते, आणि मत द्यायला तीही जात नाही. सगळे एकजात खोटारडे, असं ती गिऱ्हाइकांना सांगते. छापखानेवाल्यांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"कोणत्या तोंडानं रांगेत उभा राहू गं? तिचं मत मी घालवलं, म्हणून माझंही देत नाही."

लेकीला वाईट वाटलं, पण विचारायचं ते तिनं विचारलंच.

"चूक तुमची होती, हे तिला सांगितलंत?"

"नाही."

"आणि अंडी तिच्याकडूनच आणता?"

"दर आठवड्याला," ते खाली बघत म्हणाले. "डझनभर. घासाघीस न करता."

लेकीनं चपला पायात सरकवल्या.

"मी जाते मत द्यायला. तुम्ही आधी पुलाखाली जा. सहापर्यंत वेळ आहे, तुम्हा दोघांनाही."

कुलूप लागायची जी भीती त्या दिवशी वाटली होती, त्याहून मोठी भीती त्यांना आत्ता वाटली. ते उठले.